लष्करातून निवृत्त, आरटीओत नवखा

लष्कराच्या ट्रकची नंबरप्लेट निरखून पाहिली तर तिच्यावर एमएच, डीएल, केए असं काहीच सापडत नाही. वर टोक असलेला बाण, गाडी घेतल्याचं वर्ष सांगणारे दोन आकडे, एक अक्षर, लांबलचक अनुक्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर, एवढाच तिचा मजकूर. हा बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली खूण. गाडी लष्कराच्या ताफ्यातून बाहेर पडते त्या दिवशी ही पाटी उतरते. वीस-पंचवीस वर्षं बर्फात, वाळूत आणि घाटात राबलेला ट्रक त्या दिवसापासून मुलकी दफ्तराच्या लेखी अनोळखी होतो.

ही कायद्यातली फट नव्हे, सोय आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधल्या कलम ६० नुसार संरक्षणाच्या कामी येणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी वेगळं प्राधिकरण करतं. आरटीओचा तिथे संबंध येत नाही. वाहन केंद्र सरकारच्या मालकीतून किंवा ताब्यातून बाहेर पडलं की त्याला कलम ३९ आणि ४० लागू होतात, असंही हेच कलम सांगतं. कलम ३९ म्हणजे नोंदणीशिवाय रस्त्यावर गाडी आणायची नाही आणि कलम ४० म्हणजे नोंदणी कुठे करायची. थोडक्यात, जुन्या मोटारीचं असतं तसं हे नाव बदलून घेण्याचं काम नाही. जुन्या गाडीची ही पहिली मुलकी नोंदणी असते, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

अशा गाड्यांत सर्वाधिक ओळखीचं नाव शक्तिमानचं. जर्मनीच्या मान कंपनीशी करार करून जबलपूरमध्ये हा ट्रक बनू लागला आणि १९५९ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. पुढे जबलपूरच्या वाहन निर्माणीने तो १९९० च्या दशकापर्यंत बनवला. त्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए यांनी त्याची जागा घेतली. शक्तिमानचा धाकटा सोबती म्हणजे निस्सानच्या परवान्याखाली बनलेली वन-टन. त्याच घरातली जोंगा निस्सानच्या 'पॅट्रोल' या गाडीवर बेतलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची. तिचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये जोंगा घेतल्यावर, लष्करात कधी पाऊल न टाकलेल्या तरुणांनाही हे नाव कळलं.

या गाड्या मिळवायचे रस्ते मोजके आहेत. सर्वांत मोठा रस्ता सरकारी लिलावाचा. १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव ऑनलाइन घेते. दुसरा रस्ता माजी सैनिकांसाठी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना लष्कराकडची जादा ठरलेली 'पाच-ब' वर्गातली वाहनं मिळण्यासाठी अर्ज करता येतो. तिसरा रस्ता लिलावातून उचललेला माल पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याचा. तो सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा.

लिलावात गाडी 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर जाते. बॅटरी मेलेली, टायर बसलेले, डायनॅमो गायब, हे सारं घेणाऱ्याच्या अंगावर. मात्र खरा फरक इंजिनात नसून तपशिलाच्या एका ओळीत असतो. लॉट भंगार म्हणून विकला जातो आहे की वाहन म्हणून? भंगाराच्या लॉटला रस्त्याचं भविष्य नसतं. त्यातला चकाचक ट्रकही कागदांत लोखंडच राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४७ लष्कराच्या जुन्या गाड्यांसाठी संबंधित प्राधिकरणाचं मूळ विक्रीपत्र मागतो. छायाप्रत, व्यापाऱ्याची पावती किंवा स्टँप पेपरवरचा करारनामा त्याची जागा घेऊ शकत नाही.

विक्रीपत्र हाती आलं की फॉर्म २०, राहत्या पत्त्याचा पुरावा, थर्ड पार्टी विमा आणि शुल्क. मग मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी उभी राहते. चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक विक्रीपत्राशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. लष्करी कार्यशाळेत इंजिन बदललेलं असणं ही सामान्य गोष्ट, त्यामुळे इंजिनाच्या क्रमांकावर गाडं अडण्याची शक्यता मोठी. चेसिसवर गंज चढून क्रमांक पुसट झाला असेल तर पेन्सिलचा ठसाही नीट उठत नाही. हे काम होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आणण्याचा मोह आवरावा लागतो. कलम १९२ प्रमाणे बिननोंदणीची गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. म्हणून जाणकार ती ट्रेलरवर लादून आणतात.

यानंतर हौशी मालकाला बहुधा सर्वांत मोठा धक्का बसतो. 'मी भाडं मारणार नाही, फक्त छंद म्हणून ठेवणार' हे त्याचं म्हणणं कायद्याला पुरत नाही. मालवाहतुकीसाठी बनवलेलं वाहन हे कायद्याच्या व्याख्येने मालवाहू वाहन आणि म्हणून परिवहन वाहन. साहजिकच पिवळी नंबरप्लेट, फिटनेस प्रमाणपत्र आणि परवाना हे सारं मागोमाग येतं. कलम ६६ मधली परवान्याची सूट ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांपुरती आहे. शक्तिमानसारखा ट्रक तिच्यात बसत नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या परिवहन वाहनाचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. पंधरा वर्षांपुढच्या जड गाड्यांसाठी त्याच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये १,५०० रुपयांवरून १२,५०० वर नेण्यात आलं. वर्षातून चार वेळा गड-घाट फिरवायच्या ट्रकला हा खर्च जड जातो. चालक परवान्याचंही गणित आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सची मर्यादा ७,५०० किलो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या वजनापर्यंतची परिवहन वाहनंही त्याच लायसन्सवर चालवता येतात, असं स्पष्ट केलं. त्यापुढच्या वजनाला ते लायसन्स पुरत नाही.

धुराचा प्रश्न वेगळाच. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि नोंदणीच्या संगणकात उत्सर्जनाचा रकाना महत्त्वाचा ठरला. युरो-१ च्या धर्तीवरचे निकषही देशभर २००० सालापासूनचे, शक्तिमान त्याहून जुना. म्हणून उत्पादनाचं वर्ष सिद्ध करणारा कागद विक्रीपत्राइतकाच जपावा लागतो. पीयूसीसाठी बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. इंजेक्टर आणि पंप नीट केलेले असतील तर ती गाठता येते.

रंगाचं तर विचारूच नका. ज्या हिरव्या रंगासाठी ही गाडी घ्यावीशी वाटते, तोच ठेवता येत नाही. नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनाखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. कारण उघड आहे. त्या रंगाच्या गाडीला नाक्यावर कोणी सहसा अडवत नाही, आणि हाच फायदा चुकीच्या माणसालाही मिळू शकतो. म्हणून निवृत्त ट्रक तपासणीला नेण्याआधी निळा, करडा किंवा तपकिरी होतो. युनिटची चिन्हंही खरवडावी लागतात.

मग येतात बदल. जोंगाचं पेट्रोल इंजिन इंधन पिण्यात पटाईत, त्यामुळे तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत जुनी. पण कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ठणकावलं. हरियाणातल्या मंडी डबवालीचं उदाहरण बोलकं आहे. लष्कराच्या लिलावातल्या जीप आणि सुटे भाग यांतून उघड्या जीप जोडण्याचा तिथला धंदा देशभर माहीत आहे. चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचं, पत्रा नवा. अशी गाडी दिसायला देखणी असते, पण तिच्या आरसीत लिहिलेली गाडी नेमकी कोणती, हा प्रश्न अपघातानंतर विम्याचा दावा करताना समोर येतो.

काही ठिकाणी मात्र या ट्रकांना छंदाचा वाराही लागला नाही. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत शक्तिमानने कोळसा ओढला, आसाम-अरुणाचलाकडे लाकूड ओढलं. चारही चाकांना जोर आणि उंच बांधणी, त्यामुळे चिखलाच्या चढावर नवा ट्रक जिथे रुततो तिथे हा निघतो.

अमेरिकेतही हाच तिढा वेगळ्या नावाने भेटतो. तिथे जुन्या अडीच-टनी एम-३५ ट्रकच्या मालकाला एसएफ-९७ हे सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यावरून राज्य मालकीची नोंद करून देतं, आणि ती देताना प्रत्येक राज्य आपापला निकष लावतं. २०१४ मध्ये तिथे हमव्ही या लष्करी गाड्यांचा लिलाव सुरू झाला तेव्हा 'फक्त रस्त्याबाहेर वापरासाठी' ही अट जोडलेली होती.

भारतात पुढची वाट अरुंद होत चालली आहे. २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी नोंदवता येते. पण या नियमांचा रोख वैयक्तिक वापराच्या मोटारी आणि दुचाक्यांवर आहे, मालवाहू ट्रकांवर नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही आणि ती अधिकृत भंगार केंद्रात जातात. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष मोहिमेत लागणारी चिलखती आणि इतर विशेष वाहनं यातून वगळली आहेत. मूळ विक्रीपत्र, जुळणारे क्रमांक आणि चालू फिटनेस असलेल्या शक्तिमान किंवा जोंगासाठी आज त्या पत्र्यापेक्षा कागदांचीच किंमत अधिक मोजली जाते, आणि खरेदीदार बॉनेट उघडण्याआधी फाइल उघडायला सांगतात.