ठसका, आवंढा आणि घशाचे व्यायाम

जेवताना कुणाला ठसका लागला, की ‘कुणीतरी आठवण काढली वाटतं!’ म्हणत आपण डोक्यावर थोपटतो आणि पाण्याचा पेला पुढे करतो. धडधाकट माणसाचं ठीक आहे. पण अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाला घोटाघोटाला ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. अन्न-पाणी श्वासनलिकेकडे जात असण्याचा संभव असतो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, नुसता अधूनमधून ताप येतो.

माझ्या सासऱ्यांना भात जाई, पण पाण्यानं जीव घाबरा होई. स्पीच थेरपिस्ट बाईंनी कारण सांगितलं: पाणी घशात झरकन उतरतं, दुबळ्या स्नायूंना तेवढ्यात श्वासनलिकेचं दार लावता येत नाही. (बोलायला शिकवणाऱ्या बाई गिळायला कशाला, असं शेजारणीनं विचारलंच! पण जीभ-घसा तोच ना?)

हातापायांसारखेच घशाचेही व्यायाम असतात. मिलवॉकीच्या डॉ. रझा शाकेर यांच्या नावाचा एक प्रसिद्ध आहे. उशी न घेता उताणं निजायचं, खांदे टेकलेलेच ठेवून फक्त डोकं उचलायचं आणि पायाची बोटं पाहायची. मिनिटभर धरायचं, मिनिटभर विसावा, असं ३ वेळा. मग ३० वेळा नुसतं उचल-ठेव. हे दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. हनुवटीखालचे स्नायू कंठ वर-पुढे ओढून अन्ननलिकेचं तोंड उघडतात. तेच यानं बळकट होतात. स्वतः करून पाहा, मिनिट केवढं मोठं असतं ते कळेल!

मानेचं दुखणं असणाऱ्यांना हा चालत नाही. म्हणून सासऱ्यांना खुर्चीत बसवून, हनुवटीखाली नातवाचा मऊ चेंडू धरून दाबायला सांगितलं. जोडीला जीभ टाळूवर जोरानं दाबणं. जिभेचं टोक दातांत हलकेच धरून आवंढा गिळणं हा आणखी एक प्रकार, पण तो रिकाम्या तोंडीच. घास असताना कधीही नाही. कुणाला काय झेपेल आणि पेज किती दाट हवी, हे तपासूनच ठरतं. काही वेळा बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेवर पाहतात. तेव्हा ऐकीव माहितीवर सुरू करू नका.

ठसका लागलाच तर खोकू द्यावं, वर पाणी पाजू नये. जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवावं, तोंड स्वच्छ करावं, कवळी काढून घासावी. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात.