आवाजाचे धनी : अमीन सयानी

मुलांनो, तुम्ही रेडिओवर गाणी ऐकता. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी तुमच्याशी बोलत असते. त्या व्यक्तीला निवेदक किंवा रेडिओ जॉकी म्हणतात. निवेदकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, तरी तो आपल्या घरचाच वाटतो. असे का बरे होते? अमीन सयानी यांचे जीवन पाहिले, की याचे उत्तर मिळते.

अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण गुजराती आणि इंग्रजी भाषांत गेले. त्यांची आई कुलसुम सयानी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत असत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. त्याची भाषा सोपी हिंदुस्तानी होती आणि ते उर्दू, देवनागरी व गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. लहानगा अमीन या कामात आईला मदत करी. कमी शिकलेल्या माणसालाही समजेल असे कसे बोलावे, हे तो तेथेच शिकला.

थोरले भाऊ हमीद सयानी हेही निवेदक होते. त्यांनी अमीनला आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची ओळख करून दिली. सुरुवातीला अमीन इंग्रजी कार्यक्रम करत.

१९५२ च्या सुमारास आकाशवाणीवर हिंदी चित्रपटगीते फारशी लागत नसत. लोक ती ऐकण्यासाठी श्रीलंकेतील 'रेडिओ सिलोन' लावत. या केंद्राच्या लघुलहरी आकाशातील उंच थरावर आदळून परत येत, म्हणून त्या दूरवर पोहोचत. ३ डिसेंबर १९५२ रोजी या केंद्रावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीनभाई मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. बुधवारी रात्री आठ वाजता लोक रेडिओभोवती जमत. श्रोत्यांची हजारो पत्रे येत.

'बहनो और भाइयो' असे म्हणून ते बोलू लागत. बहिणींना आधी मान देण्याची ही रीत लोकांना फार आवडली. ते जड शब्द टाळत आणि कोणाला दुखवत नसत. १९८९ मध्ये गीतमाला विविधभारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २००९ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, चाकणजवळच्या निघोजे गावाच्या परिसरात अनेक कारखाने आहेत. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून कामगार आले आहेत. कोणाची भाषा मराठी, कोणाची हिंदी, कोणाची उर्दू. अशा ठिकाणी सोपे, स्पष्ट आणि आदराचे बोलणेच माणसांना जवळ आणते. ज्या भाषेने अमीनभाई प्रसिद्ध झाले, ती त्यांनी मेहनतीने कमावली होती. तुम्हीही मराठी अशीच कमावू शकता. रोज एक उतारा मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला तो समजला का, हे त्यालाच विचारा.