सूर्य मावळण्याआधी

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, यावने-याम या प्राचीन बंदराच्या दक्षिणेला एक पडका किल्ला आहे. १९६० साली योसेफ नावे यांना तिथल्या उत्खननात शाईने लिहिलेल्या खापराचे तुकडे मिळाले. जुळवून वाचल्यावर निघाला तो एका कापणीवाल्या मजुराचा अर्ज, किल्ल्याच्या अधिकाऱ्याला केलेला, इसवी सन पूर्व सातव्या शतकाच्या अखेरचा. मजूर सांगतो : नेमून दिलेली कापणी मी पुरी केली, धान्य कोठारात भरलं, तरी होशायाहू नावाचा माणूस आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात राबलेले सगळे साक्ष देतील. माझं वस्त्र मला परत मिळावं.

एका वस्त्रासाठी एवढी धडपड का, ते आपल्याकडे ज्याने घोंगडी वापरली आहे त्याला विचारावं. दिवसा खांद्यावर, रात्री अंगाखाली नाहीतर अंगावर. यहूदाच्या डोंगराळ मुलखात रात्री गारठा पडतो आणि गरिबाजवळ दुसरं पांघरूण नसे. म्हणूनच बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात कायदा येतो : शेजाऱ्याचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळण्याआधी परत कर. आता हिशेब करून पाहा. रोज संध्याकाळी परत करायची वस्तू गहाण घेऊन सावकाराच्या हाती उरतं काय? गहाणाची नांगीच मोडली. त्याच ठिकाणी गरिबाकडून व्याज घ्यायलाही मनाई आहे.

बायबलातल्याच अनुवाद या पुस्तकाचा चोविसावा अध्याय आणखी बारकाव्यात शिरतो. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर घरच्यांची भाकरी अवलंबून. विधवेचं वस्त्र तर मुळीच घेऊ नये. मजुराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नियम : धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभं राहावं, काय गहाण द्यायचं ते ऋणकोनेच आणून द्यावं. कर्जात बुडालेल्या माणसाचा उंबरठा इथे कायद्याने राखला आहे.

शेतातला सरवाही असाच. कापताना राहिलेली कणसं, शेताच्या कडेचं पीक, विसरलेली पेंढी ही गरिबाची, विधवेची, परक्याची. मवाबातून आलेली रूथ बोअजच्या शेतात वेचते ती याच रिवाजाने. तिला कोणी भीक घालत नाही. ती वाकून, घाम गाळून वेचते. हिब्रूत दानाला पुढे जो शब्द रूढ झाला, त्सेदाका, तो न्यायाच्या धातूतूनच आला आहे.

कायदा होता म्हणून तो पाळला गेला असं मात्र नाही. इसवी सन पूर्व आठव्या शतकात तकोवाचा मेंढपाळ आमोस उत्तरेकडच्या राज्यात जाऊन गरजला, तो गहाणाच्या वस्त्रांवरच वेदीशेजारी लोळणाऱ्यांवर. हस्तिदंती पलंगांचाही त्याने उद्धार केला. त्याच राज्यातल्या शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरोखरच निघाले.

गरिबाला राखण्याचा हा धागा आपल्याकडेही दिसतो : पंडिता रमाबाईंनी केडगावात दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या बायकामुलींना आसरा दिला आणि तिथेच बसून मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल केलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुरं छापून निघालं.

मजुराच्या त्या खापरावर निकाल नाही. शेवटच्या ओळी तुटक आहेत, पण मजूर अधिकाऱ्याकडे दया मागताना तिथे दिसतो. तोवर त्याने आपलं काम आणि आपले साक्षीदार सांगून ठेवले आहेत.