यंत्राने भरलेला तक्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्सेलचा तक्ता कारकुनाच्या हातून न भरता पायथॉनसारख्या भाषेतील प्रोग्रामकडून भरून घेतला, की त्यात चूक राहूच शकत नाही, हा समज सरकारी कचेऱ्यांपासून खासगी पेढ्यांपर्यंत इतक्या निःशंकपणे उच्चारला जातो, की त्याविषयी शंका काढणाराच प्रगतीचा द्वेष्टा ठरतो. वस्तुतः प्रोग्राम टाळतो त्या केवळ बोटांच्या चुका. तो लिहिणाऱ्याच्या विचारात जो प्रमाद असेल, त्याची नक्कल मात्र तो प्रत्येक ओळीत इमानेइतबारे करतो.

ज्यांना ही अतिशयोक्ती वाटेल, त्यांनी ऑक्टोबर २०२० मधील इंग्लंडचे प्रकरण आठवावे. प्रयोगशाळांकडून येणारे कोरोना-चाचण्यांचे निकाल आपोआप एकत्र करण्याची व्यवस्था ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ने केली होती, परंतु बीबीसीच्या वृत्तानुसार त्यासाठी योजलेल्या एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ फाइल-प्रकारात ६५,५३६ पलीकडे एकही ओळ मावत नसल्यामुळे पुढच्या नोंदी निमूटपणे गळत गेल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित दैनिक आकडेवारीतून वगळले जाऊन त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबणीवर पडला. दहा लाखांहून अधिक ओळी सामावणारा नवा ‘एक्सएलएसएक्स’ प्रकार २००७ पासून उपलब्ध होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष यंत्राच्या माथी मारण्याची सोय उरत नाही.

याहून साधा प्रमाद आपल्या डोळ्यांदेखत होतो. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून खान्यात घातला, की एक्सेल पंधरा अंक शाबूत ठेवून सोळाव्याच्या जागी शून्य बसवते. आरंभीची शून्ये तर समूळ जातात. सबब, खान्याचे स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक लिहावा; आणि मूळ फाइलीतील ओळींची संख्या व रकमांची बेरीज तक्त्याशी ताडून, तफावत आढळताच काम तहकूब करण्याचा हुकूम प्रोग्राममध्येच घालावा. एवढी चार ओळींची तसदीही ज्यांना जड वाटते, त्यांनी बिनचूकपणाच्या गप्पा मारू नयेत!

आता किरकोळ समज.

‘एक्सेल बसवल्याखेरीज तक्ता लिहिता येत नाही.’ येतो, ‘एक्सएलएसएक्स’ फाइल म्हणजे झिप केलेला एक्सएमएल मजकूर, आणि ‘ओपनपायएक्सएल’ हे पायथॉनचे साधन तो परस्पर लिहिते. मात्र सूत्रांचे गणित ते करत नाही.

‘खिडकी दिसत नाही, म्हणजे एक्सेल बंद झाले.’ टास्क मॅनेजर उघडून पाहावे. खुद्द एक्सेललाच चालवणाऱ्या प्रोग्रामने ‘क्विट’ची आज्ञा देऊन आपल्याकडील संदर्भ सोडले नसतील, तर ते पडद्यामागे चालूच असते.

‘मग रात्री सर्व्हरवर तेच चालवू.’ अशा निर्मनुष्य वापराची शिफारस आपण करीत नाही आणि त्याची जबाबदारीही घेत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच लेखी बजावले आहे; कारण एक्सेलने मध्येच एखादा प्रश्न विचारला, तर ‘ओके’ दाबायला मध्यरात्री कचेरीत कोणी नसते.