‘बॅटरी बदला’ म्हणायच्या आधी: जुन्या लक्झरी गाड्यांमधला एक छोटा धंदा



जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मुलगा हा प्रश्न विचारतोच. “सर, गाड्यांचं काम येतं, पण शेड, लिफ्ट, डिपॉझिट हे सगळं कुठून आणू?” त्याला मी उलटा प्रश्न विचारतो. शेड लागतच नाही असं गाड्यांचं कुठलं काम आहे? आज त्यातलंच एक काम बघू. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितोय, वही-पेन घेऊन बसा.

माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा आहे. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेला, नंतर चार वर्षं एका वायरमनच्या हाताखाली. (गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्याला आपल्याकडे वायरमनच म्हणतात, तुम्ही कार्डवर काहीही छापा.) त्याने स्वतःचं काम सुरू केलं आणि तिसऱ्याच आठवड्यात कोथरूडच्या एका सोसायटीतून फोन आला. निवृत्त गृहस्थ, सेकंडहँड घेतलेली १२ वर्षं जुनी जर्मन सेडान. आठवड्यातून एकदा गाडी काढायची हौस, आणि दर वेळी सेल्फ मारला की नुसता टक-टक आवाज. १४ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. आता तिसरी घ्यायला सांगितलं होतं.

त्या काकांचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे. “अरे, मला बॅटरी नको, मला कारण सांग.”

पुण्यात हे गिऱ्हाईक का आहे?

कारण या गाड्या इथल्याच आहेत. मर्सिडीजने १९९५ मध्ये भारतातली पहिली ई-क्लास पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली, २००९ मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. जग्वार लँड रोव्हरने २०११ पासून पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली. तेव्हा नव्या कोऱ्या घेतलेल्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. गाडी स्वस्तात मिळाली, पण दुरुस्तीचे दर नव्या गाडीचेच आहेत. त्यात आयटीवाले घरून काम करतात, गाडी बेसमेंटमध्ये पाच-पाच दिवस उभी. निघाली तर चार किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत, एसी आणि लाइट लावून. एवढ्यात बॅटरी भरत नाही. वर आपला एप्रिल-मे. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त खर्ची पडतं. थंडीत फक्त ते उघडकीला येतं.

आधी चार मापं

मित्रांनो, इथे घाई करू नका. स्कॅनर लावायच्या आधी साधा मल्टिमीटर काढा.

पहिलं माप, गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीचं व्होल्टेज. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की समजा रिकामीच. एजीएम प्रकारची असेल तर भरलेली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते.

दुसरं, सेल्फ मारताना. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं तर बॅटरी थकलेली असू शकते. पण हे माप भरलेल्या बॅटरीवरच घ्यायचं. रिकामी बॅटरी तपासून तिला ‘खराब’ ठरवणं ही या धंद्यातली सगळ्यात जास्त चालणारी चूक. काही वेळा ती चूक नसतेही, कमिशन असतं. असो.

तिसरं, इंजिन चालू असताना. साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. इथे एक खाच आहे. या गाड्यांचा अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम कमी चार्ज करतो, ब्रेक मारताना जास्त. म्हणून १२.७ दिसलं की लगेच ‘डायनॅमो गेला’ म्हणू नका. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा आणि पुन्हा बघा. त्याच वेळी मीटर एसी व्होल्टवर फिरवून बॅटरीच्या टोकांवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अल्टरनेटरचा डायोड संशयित.

चौथं, अर्थिंग. इंजिन ते बॉडी जी जाड पट्टी असते, ती १०-१२ वर्षांत आतून गंजते, वरून चांगली दिसते. सेल्फ मारताना इंजिनच्या धातूवर एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरं टोक लावा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर फरक आला तर पट्टी बघा. वस्तू छोटी, पण तिच्यापायी लोकांनी अख्खे अल्टरनेटर बदललेले आहेत.

काकांच्या गाडीत काय निघालं? उभ्या गाडीला ११.९. बॅटरी चार्ज केली तर सेल्फला उत्तम. इंजिन चालू असताना १४.२. अर्थिंग ठीक. म्हणजे बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी गाडी मरते. गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय.

करंट कोण खातंय?

आता जरा हिशोब करू. बॅटरी ८० एएचची धरा. गाडी झोपली की तिने साधारण ०.०५ ॲम्पिअरपेक्षा जास्त खाऊ नये. त्या हिशोबाने बॅटरी १,६०० तास, म्हणजे दोन महिन्यांच्या वर टिकेल. काकांची गाडी ०.६२ ॲम्पिअर खात होती. ८० भागिले ०.६२, सुमारे १२९ तास. पाच दिवसांत बॅटरी कोरडी, आणि सेल्फ न लागण्याइतकी खाली यायला तीन दिवस पुरे. अशी वारंवार तळाला गेलेली लेड-ॲसिड बॅटरी कायमची दुबळी होते. दोन बॅटऱ्या वर्षभरात का गेल्या, ते इथे समजलं.

हे माप घ्यायला संयम लागतो. गाडी बंद केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. काही गाड्यांना २० मिनिटं लागतात, काहींना पाऊण तास. दार उघडलं की सगळे पुन्हा जागे. म्हणून दार आणि डिक्की उघडी ठेवून त्यांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने ‘बंद’ स्थितीत फिरवायची, चावी पाच-सहा मीटर लांब ठेवायची (किल्लीविना उघडणाऱ्या गाड्यांना जवळची चावी जागं ठेवू शकते), आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलवर लावून बसायचं. खरेदी करताना नीट बघा, स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी मोजतात. मल्टिमीटर मालिकेत जोडून चुकून सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच.

लिकेज मिळाल्यावर फ्यूज एकेक उपटू नका. उपटून परत लावला की तो कॉम्प्युटर जागा होतो आणि तुम्ही गोंधळता. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मिलिव्होल्ट मोजा. ज्या फ्यूजवर शून्य नाही, तिकडून करंट वाहतोय.

तो मुलगा असा माग काढत डिक्कीतल्या एका फ्यूजपर्यंत पोचला. डिक्कीचा गालिचा उचलला तर खाली ओलावा. सनरूफच्या पाण्याच्या नळीत पानं आणि माती अडकली होती. दोन पावसाळे पाणी आत उतरत होतं आणि म्युझिक सिस्टीमच्या ॲम्प्लिफायरच्या कनेक्टरवर हिरवा गंज धरला होता. तो डबा झोपतच नव्हता. नायलॉनची दोरी घालून नळी मोकळी केली. (जोराची हवा मारू नका, आतले सांधे सुटतात.) कनेक्टर साफ केला, सगळं सुकवलं. दुसऱ्या दिवशी माप ०.०३.

नवा पार्ट, शून्य रुपये.

आणि बिल?

बिल त्याने ५०० रुपयांचं केलं! दोन खेपांत मिळून सात तास. तासाला ७१ रुपये, त्यातून पेट्रोल. काकांनी आनंदाने दिले आणि वर चहा पाजला. मला फोन करून म्हणाला, “सर, पार्टच लागला नाही, तर पैसे कशाचे मागू?”

मित्रांनो, इथे बहुतेक कारागीर मार खातात. गिऱ्हाइकाला एक महागडी बॅटरी वाचवून दिली आणि स्वतः तोट्यात गेला. बॅटरी विकली असती तर मार्जिन सुटलं असतं, म्हणजे खोटं काम परवडतं आणि खरं परवडत नाही असा दर त्याने स्वतःच लावून घेतला होता.

आम्ही बसून दर बदलले. पहिला टप्पा, वरची चार मापं आणि लेखी रिपोर्ट, १,२०० रुपये, जागेवर. दुसरा टप्पा, लिकेज शोधणं, ३,५०० रुपये, दोन खेपांपर्यंत. दुरुस्ती वेगळी. कारण सापडलं नाही तर दुसऱ्या टप्प्याचे निम्मे परत. हे आधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं, गिऱ्हाइकाने ‘ठीक’ म्हटल्यावरच निघायचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण टप्पे ठेवा. आणि हो, पहिल्या महिन्यात काही जणांनी ‘एवढे?’ म्हणून फोन ठेवले. ते होणारच.

हात लावायच्या आधी हे माहीत हवं

काही बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरी डिक्कीत उजव्या बाजूला, ऑडी क्यू७ मध्ये पुढच्या सीटखाली, काही मर्सिडीजमध्ये मुख्य बॅटरीशिवाय दुसरी छोटी. बॅटरी पूर्ण मेली तर डिक्की बटणावर उघडत नाही, चावीतली खरी किल्ली काढावी लागते. जंपर केबल बॉनेटखालच्या ठरवून दिलेल्या टोकांनाच लावा. प्लस-मायनस उलटं झालं तर जो खर्च येईल त्यात तुमचं वर्ष जाईल.

बॅटरी खरंच बदलायची असेल तर एजीएमच्या जागी एजीएमच, तेवढ्याच एएचची. डिक्कीत किंवा केबिनमध्ये असेल तर वायू बाहेर नेणारी नळी परत जोडा, पुष्कळ जण ती तशीच सोडतात. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर गाडी नवीला जुनी समजून चार्ज करत राहते. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याकडे टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत साखळीतूनच परत जायला हवी. डीलरकडे द्या, किंमतही मिळते.

सुरुवातीला लागतं काय? चांगला मीटर, डीसी क्लॅम्प, बॅटरी टेस्टर, एजीएमची सोय असलेला चार्जर आणि एक बरा स्कॅनर. जुने फ्यूज-बॉक्स, कनेक्टर नाना पेठेत फिरलात तर मिळतात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. फक्त सेवा देत असाल तर वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

या मुलाकडे सध्या एक गाडी अडकली आहे, विमाननगरची. दिवसा मोजलं तर लिकेज शून्यासारखं, सकाळी बॅटरी खाली. आधीच्या मालकाने लावलेला जीपीएस ट्रॅकर त्याने काढून बघितला, फरक नाही. येत्या शनिवारी रात्री अकरा वाजता तो नोंद ठेवणारा मीटर लावून त्या पार्किंगमध्येच बसणार आहे. वॉचमनला सांगून ठेवलंय. सापडलं तर त्याचा व्हिडिओ करू, नाही सापडलं तर निम्मे पैसे परत केल्याचा स्क्रीनशॉट टाकतो.