दातांवाचून चढणारी गाडी

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर उजेडात आणला, तरी तेथे जावयाचे तर घोडा, डोली किंवा स्वतःचे पाय यांवाचून पुढे कित्येक वर्षे गत्यंतर नव्हते. ही अडचण १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने नेरळ ते माथेरान आगगाडी सुरू होऊन दूर झाली.

दोन फूट रुंदीच्या या रूळमार्गाला सुमारे वीस किलोमीटरांत साडेसातशे मीटरांहून अधिक उंची गाठावयाची असल्यामुळे काही ठिकाणी वीस मीटरांस एक मीटर असा चढ पडतो, आणि अशा चढावर गाडीचा प्रत्येक टन पन्नास किलोच्या जोराने मागे ओढत असतो. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड त्यावरील भाराच्या सुमारे चतुर्थांश धरली, तर इतर विरोध बाजूस ठेवून इंजीन स्वतःच्या वजनाच्या चौपट भार ओढील. रूळ ओले होऊन पकड दशांशावर उतरली, की तेच इंजीन जेमतेम स्वतःइतका भार वर नेईल. नीलगिरीत कल्लार ते कुन्नूर चढ बारास एक असल्याने असला हिशेब भागेना, म्हणून तेथे रुळांमध्ये दंतुर पट्टी बसवून इंजिनाचे दंतचक्र तीत अडकवावे लागले. माथेरानच्या योजकांनी दात टाळले आणि चढ सौम्य करण्यासाठी वाट लांबवली. पण डोंगरात वाट लांबवणे म्हणजे वळणे पदरी घेणे होय.

इंजिनाच्या चाकांच्या तिन्ही जोड्यांचे आस परस्परांस समांतर जखडलेले असले, तर तीव्र वळणावर चाकांच्या कडा रुळास घासतात. ऑरेनश्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याच्या चार इंजिनांत म्हणून पुढचा व मागचा आस पोकळ केला होता: शक्ती आतला दांडा वाही, चाके बाहेरच्या नळीवर असत, आणि मधल्या गोल सांध्यामुळे ती नळी वळणाकडे झुके. लोक मात्र कौतुक करतात ते एकुलत्या बोगद्याचे, तेही त्याच्या चावट नावामुळे. माझे मत त्या पोकळ आसास!

आता ओढण्याचे काम डिझेल इंजिने करतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात, कारण तेव्हा घात करतो तो डोंगरच: जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग जागोजाग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हावयास २००७ साल उजाडले. वरच्या सपाटीवर अमन लॉज ते माथेरान एवढी छोटी फेरी तेवढी पावसातही चालू राहते, आणि अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटारींस मज्जाव असल्यामुळे तिला उतारूंची वाण पडत नाही.