हमालाचा खांदा

आमच्या रात्रीच्या वर्गाला भुसार बाजारातले एक हमाल येतात. वय पन्नाशीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. त्यांच्या उमेदीच्या काळात धान्याचे पोते १०० किलोचे असे. आता ते बहुधा ५० किलोचे असते. पण पोते हलके झाले म्हणून खांदा नवा होत नाही.

एके दिवशी गाडीतून माल उतरवताना फळी हलली. बाबांचा तोल गेला. पोते सुटू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताने हिसका देऊन ते सावरले. खांद्यात काहीतरी कट्कन वाजले. संध्याकाळी वर्गात आले, तेव्हा हात वर होईना.

आम्ही विचारले, "बाबा, काय झालं?"

"लचक भरलीया गुरुजी. चोळलं की जाईल."

दोन महिने चोळणे चालले. तेल झाले, शेक झाला. मग कोणीतरी हात ओढूनही दिला. रात्री त्या कुशीवर निजता येईना. डोक्याला पटका गुंडाळता येईना. दुसऱ्याने हात वर उचलून धरला तर तो जाई. सोडला की खाली पडे.

आता जरा खांद्याच्या आत डोकावू या.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. मांडीच्या हाडाचा चेंडू कमरेच्या खोल वाटीत बसतो. खांद्याचा चेंडू मात्र उथळ बशीवर टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो! पण बशीवरचा चेंडू घरंगळायचा. तो घरंगळू नये म्हणून चार स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात. या स्नायूंची टोके पांढऱ्या, चिवट दोरीसारखी असतात आणि ती हाडाला घट्ट चिकटलेली असतात. वरची दोरी हाडाच्या एका छपराखालून जाते. तेथे जागा अगदी बेताची.

जुन्या मंडळींनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. मोटेचा नाडा एका दिवसात तुटत नाही. चाकावर घासून एकेक पीळ सुटत जातो. मग भरली मोट वर येताना तो एकदम तुटतो. लोक म्हणतात, आज तुटला. पण तो वर्षभर तुटतच होता! खांद्याचेही पुष्कळदा तसेच होते.

साध्या एक्स-रेत हाड दिसते, ही दोरी दिसत नाही. बाबांचाही फोटो चांगला आला होता. तेवढ्यावर ते समाधान मानून बसले. दोरीची तपासणी सोनोग्राफीने किंवा एमआरआयने होते. दोरी झिजली की शस्त्रक्रिया करावीच लागते असे मुळीच नाही. पुष्कळांचे खांदे नुसत्या व्यायामाने कामाला लागतात. पण हिसका बसला आणि त्या दिवसापासून हात उचलेना, तर दवाखाना लगेच गाठावा. तुटलेली दोरी आत आखडत जाते. स्नायू रोडावतो, त्यात चरबी भरते. मग टाका घातला तरी तो नीट धरत नाही.

बाबांची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. खांद्याला लहान लहान छिद्रे पाडतात. हाडात बारीक खुंटी बसवतात आणि तिच्या दोऱ्याने तुटलेले टोक पुन्हा हाडाशी बांधतात. थोड्याच दिवसांत माणूस घरी येतो. खरे अवघड काम घरी आल्यावर सुरू होते.

सुमारे चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. या दिवसांत हात आपल्या जोराने उचलायचा नाही. मात्र बोटे आणि मनगट हलवत राहायचे, नाहीतर ती आखडतात. सदरा घालताना आधी दुखरा हात बाहीत घालावा. काढताना तो शेवटी काढावा. निजताना पाठीला उशा लावून अर्धवट बसते निजावे आणि कोपराखाली घडी केलेले पांघरूण ठेवावे. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, कमरेत वाकून हात हत्तीच्या सोंडेसारखा सैल सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. जोर वाढवण्याचा व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर येतो. जड कामाला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. प्रत्येकाचा हिशेब निराळा, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा शब्द तोच खरा.

यात एक फसवणूक आहे, बरं का. दुखणे आधी कमी होते. जोड मात्र अजून कच्चाच असतो. नव्या बांधकामाचा गिलावा वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल असते, तसे हे आहे.

बाबा नेमके तिथेच फसले. पाचवा आठवडा होता. दुखणे थांबले होते. घरात कोणी नव्हते आणि नळाला पाणी आले. बाबांनी झोळी काढली आणि भरलेली बादली उचलली. टाका सुटला.

दवाखान्याने दिलेला कागद कोनाड्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्यावर मराठीत स्पष्ट लिहिले होते, 'सहा आठवडे या हाताने काहीही उचलू नये.' बाबा तेव्हा जोडाक्षरांपर्यंत आले होते. कागद वाचायला त्यांना कोणी सांगितले नाही. आम्ही दोनदा भेटायला गेलो, केळी नेली, गप्पा मारल्या. कागद काही मागितला नाही. ही चूक आमची. आता वर्गात कोणीही दवाखान्यातून आले की तो कागद आम्ही आधी मोठ्याने वाचून घेतो.

दुसरा कागद पैशाचा. इजा झाली त्या दिवशी गाळ्यावरच्या मुनीमजींनी सांगितले होते, "घरी पाय घसरला म्हणा, उगाच लफडं नको." बाबांनी दवाखान्यात तसेच सांगितले आणि केसपेपरवर तसेच उतरले. वास्तविक कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आपल्या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून आहे. माथाडी व हमाल यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली वेगळा कायदा झाला. इजा कोठे, कधी, काय उचलताना झाली हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना खरे सांगावे आणि ते लिहिले गेले की नाही हे पाहावे. टोळीतल्या दोघांना साक्षीला धरावे. बाबांचा अर्ज अजून लोंबकळत आहे. ते घरी होते तेवढे दिवस घर काकूंच्या धुण्याभांड्यांवर चालले.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला आता आठ महिने झाले. झोळीत असताना कोपर अंगाशी ठेवून पाटीवर लिहायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तेवढ्यात जोडाक्षरे पुरी झाली. आता बाबांचा हात डोक्याच्या वर जातो. पटका ते स्वतःच गुंडाळतात. पोते मात्र अजून उचलत नाहीत. पाठीवर पुन्हा घेता येईल की नाही, हे डॉक्टर पुढल्या महिन्यात सांगणार आहेत.